यामाहा एफजी ८००: टिकाऊ गिटार हवी असेल तर काय बघावं, कशी सांभाळावी

एफजी ८००ला सॉलिड, म्हणजे थर न चिकटवलेलं लाकूड लावलंय ते टॉपला, म्हणजे पुढच्या पाटाला; पाठ आणि बाजू थरांच्या आहेत. पुष्कळांना ही काटकसर वाटते. टिकाऊपणासाठी मात्र हीच वाटणी उत्तम. आवाज मुख्यतः टॉप घडवतो, आणि तो इथे सिटका स्प्रूसचा आहे. नाटो किंवा ओकुमेच्या पाठ-बाजूंमध्ये थर आडवे-उभे बसवलेले असल्यामुळे कोरडी-दमट हवा त्या बिनतक्रार सोसतात. रोज हाताळायच्या गिटारीत जपायला एकच नाजूक भाग उरतो.

एफजी मालिका १९६६ सालची. ८००ची पिढी २०१६ मध्ये आली. तेव्हा टॉपखालच्या आधारपट्ट्या, म्हणजे ब्रेसिंग, कोरून हलक्या केल्या. खर्ज भरदार येतो आणि जोरात स्ट्रमिंग केलं तरी स्वर एकमेकांत कालवले जात नाहीत. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६५० मिमी; नटची, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीची, रुंदी ४३ मिमी; अंगाची खोली १०० ते ११८ मिमी. लहान चणीच्या माणसाला ही मांडीवर घेतली की उजवा खांदा वर चढतो. त्यांनी ६३४ मिमी स्केलची, आटोपशीर अंगाची एफएस ८०० बघावी.

एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत फरक असतो, म्हणून जी घरी न्यायची तीच तपासावी. कुठल्याही गिटारीचा टॉप सॉलिड आहे का हे साउंड होलच्या, म्हणजे टॉपमधल्या गोल भोकाच्या, कडेवर कळतं: वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरल्या तर सॉलिड, कडेला आडवे थर दिसले तर प्लाय. मग फ्रेटांवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातुपट्ट्यांवर, एक लांब सरळ पट्टी ठेवून ब्रिजपर्यंत, म्हणजे टॉपवर तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या लाकडापर्यंत, न्यावी. तिचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याला जेमतेम टेकलं पाहिजे. ते माथ्याच्या खाली अडत असेल तर मानेचा कोन चुकलाय. ती गिटार कितीही गोड वाजली तरी घेऊ नये, कारण मान उखडून पुन्हा बसवणं हे मोठं काम आहे. शेवटी प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवून खरखर येते का ते ऐकावं.

नव्या गिटारीची ॲक्शन, म्हणजे फ्रेटांपासून तारांची उंची, बहुधा जास्त असते. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली साधारण २.५ मिमी आणि बारीक तारेखाली २ मिमी जागा असली की हात दुखत नाही. त्याआधी मानेचा बाक बघावा: पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर तार दाबून धरली की सातव्या फ्रेटजवळ ०.१५ ते ०.२५ मिमी फट दिसावी. बाक जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली धातूची कांब, एका वेळी पाव फेरा फिरवून पुन्हा मोजावं. नुसती ॲक्शन उतरवण्यासाठी ट्रस रॉड पिळत बसणं ही नेहमीची चूक आहे. त्याने मान जास्त सरळ होते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटांवर तारा खरखरू लागतात.

ॲक्शन उतरते ती सॅडल, म्हणजे ब्रिजच्या खाचेत बसवलेली, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासून. बाराव्या फ्रेटवर ०.५ मिमी कमी करायचे तर सॅडल १ मिमी कमी करावं लागतं. ते खालूनच घासावं, काचेवर पसरलेल्या पॉलिशपेपरवर. तळ गोलसर झाला तर सॅडल खाचेत नीट टेकत नाही आणि एखादी तार मुकी वाटते. एफ कॉर्ड दाबताना बोटं थकत असतील तर दोष बहुधा नटचा असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबावी. पहिल्या फ्रेटवर केसाएवढीच फट राहायला हवी. नटच्या खाचा खोल करणं मात्र कारागिराकडे सोपवावं, एकदा जास्त घासलं की नट बदलावाच लागतो.

पुढची सगळी काळजी हवेतल्या ओलाव्याची. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता गिटारीला मानवते. हवा कोरडी पडली की नख मानेच्या कडेवरून फिरवून बघावं: फ्रेटांची टोकं टोचू लागलेली असतात. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, धातू आकसत नाही, म्हणून ती बाहेर येतात. तड्याच्या आधीची ही सूचना समजावी आणि गिटार ह्युमिडिफायरसह, म्हणजे ओलावा देणाऱ्या साधनासह, बंद केसमध्ये ठेवावी. उन्हात उभ्या गाडीत ती कधीच ठेवू नये. तापल्यावर सरस मऊ पडतो आणि १२-५३च्या (इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी) तारांचा सुमारे ७० किलोचा ताण ब्रिजला उचलतो. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा कपटा सरकला तर लगेच तारा सैल कराव्यात.

नट आणि सॅडल युरिया रेझिनचे, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचे आहेत. हाडाचं सॅडल बसवलं तर स्वर थोडा स्वच्छ होतो. मूळ सॅडल तरी जपून ठेवावं. दमट दिवसांत टॉप फुगून ॲक्शन चढते, कोरड्या दिवसांत टॉप बसून तारा खरखरतात. तेव्हा नवं सॅडल थोडं बुटकं करून दमट दिवसांसाठी ठेवायचं आणि हवा कोरडी झाली की मूळ, उंच सॅडल परत घालायचं.