ऑनलाइन ग्रुप की गावातला क्लब? फोटोग्राफी शिकणाऱ्यांसाठी

दर वर्षी कॉलेजं सुरू झाली की दोन-चार मुलं-मुली माझ्या कोल्हापूरच्या स्टुडिओत येतात आणि एकच विचारतात. ओळखी वाढवायच्या तर क्लबची वर्गणी भरावी, की फेसबुक-इन्स्टावरचे ग्रुप पुरेत? मी दोन्हीकडे राहिलोय. पहिली तीन वर्षं फक्त ऑनलाइन होतो, मग क्लबात जायला लागलो आणि ऑनलाइनही आहेच. दोन्हींनी मला काही ना काही दिलंय. तरी एका गोष्टीनं माझं मन एका बाजूला झुकलं, ती आधी सांगतो.

त्या काळात मला तालमीच्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याच्या, फोटोंचं वेड होतं. पहाटे साडेपाचला जायचं, हौद्यातल्या तांबड्या मातीशेजारी बसायचं, वर दोन ट्यूबलाइट, फ्लॅशला वस्तादांची सक्त मनाई. ५० मिमीची लेन्स, एफ १.८ म्हणजे लेन्सचं तोंड खूप उघडं, आयएसओ म्हणजे उजेडाला संवेदनशीलता ३२००, शटर १/२५० सेकंद. अंगाला माती चोळणाऱ्या एका पैलवानाचा फोटो मी ग्रुपवर टाकला. दोनशेच्या वर लाइक आले. खाली ओळीनं ‘नाद खुळा’, ‘लई भारी भावा’, ‘एक नंबर’. मला वाटलं, जमलं आपल्याला.

पुढं कुणीतरी क्लबच्या बैठकीला नेलं. तिथं नियम असा की फोटो मोबाइलवर दाखवायचा नाही, प्रिंट आणायचा. मी तोच फोटो १२ बाय १८ इंचात काढून नेला. रोलच्या जमान्यापासून स्टुडिओ चालवलेले एक काका आहेत. त्यांनी प्रिंट उचलला, खिडकीजवळ नेला, बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग पैलवानाच्या कानावर बोट ठेवून म्हणाले, “फोकस हितं हाय. डोळा मऊ आलाय. आणि ह्ये पट्टे कशाचे?”

बघितलं तर खरंच. एफ १.८ ला दीड मीटरवरून काढलेल्या फोटोत जेमतेम पाच-सहा सेंटीमीटर खोलीच स्पष्ट येते. कान आला की डोळा गेला. आणि भिंतीवरचे फिकट-गडद पट्टे ट्यूबलाइटचे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं असतं तर प्रत्येक फोटोत उजेडाचे पूर्ण फेरे आले असते आणि पट्टे उमटले नसते. काकांनी हे पाच मिनिटांत समजावलं. घरी येऊन मी हार्डडिस्क उघडली. अकरा महिन्यांच्या तालमीच्या फोटोंत हेच दोन दोष होते.

मला राग आला तो या अकरा महिन्यांचा. कौतुक करणाऱ्यांनी मनापासूनच केलं, त्यात शंका नाही. पण २४ मेगापिक्सेलचा फोटो इन्स्टावर १०८० पिक्सेल रुंदीचा होऊन तळहातावरच्या काचेत बसतो. तिथं कान काय नि डोळा काय, सगळंच टोकदार दिसतं. मी नंतर मुद्दाम ग्रुपवर लिहून बघितलं, “खरं सांगा, यात काय चुकलंय?” उत्तर आलं, “काही नाही भावा, कडक!” एकदा दुसऱ्याच्या फोटोतलं वाकडं क्षितिज मी दाखवलं, तर अॅडमिननं खासगीत कळवलं की ग्रुपवर वातावरण चांगलं ठेवूया. त्या दिवशी माझं ठरलं. सगळे ग्रुप असे असतील असं मी म्हणणार नाही, फक्त टीकेसाठीच काढलेले चांगले ग्रुपही आहेत. पण ज्यानं तुमचा फोटो नीट पाहिलाच नाही, त्याच्याशी तुमची ओळख झाली असं कसं म्हणायचं?

ऑनलाइनचं जे खरं बळ आहे ते मात्र क्लब देऊ शकत नाही, आणि ते म्हणजे दूरची, एकाच विषयात बुडालेली माणसं. मला एका पावसाळ्यात बेडकांचे मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून घेतलेले, फोटो काढायचे होते. आमच्या क्लबात त्यातलं कुणाला फारसं माहीत नव्हतं. सिंधुदुर्गातल्या एका मुलानं, ज्याला मी आजवर भेटलेलो नाही, फ्लॅशवर लावायचा, उजेड मऊ करणारा डिफ्यूझर घरच्या घरी कसा करायचा ते फोटो काढून पाठवलं. सलॉनचं, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनांचंही तसंच. फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी ही संस्था १९५३ पासून आहे, तिच्या मान्यतेच्या स्पर्धा देशभर चालतात, आणि त्यांच्या तारखा सगळ्यात आधी कळतात त्या ऑनलाइनच. निसर्ग विभागाला फोटो पाठवायचा असेल तर चित्रातली काडीसुद्धा पुसायची नाही की नवी घालायची नाही, हा नियम मला दाजीपूरच्या गव्याचा फोटो पाठवायच्या आदल्या रात्री एका अनोळखी माणसानं सांगितला. मी गव्याच्या शिंगासमोरची फांदी खोडून ठेवली होती. फोटो तसाच गेला असता तर बाद झाला असता.

आणखी एक. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीला क्लबची संध्याकाळची वेळ जमत नव्हती, आणि चाळीस पुरुषांत एकटीनं बसायचं तिला अवघड वाटायचं. तिला फक्त मुलींच्या एका ऑनलाइन गटात पहिली मैत्रीण मिळाली, दोघी आता मिळून साखरपुड्याची कामं करतात. क्लबवाल्यांनी यावर विचार करायला हवा, हे मी बैठकीतही बोललोय. क्लबच्या इतर तक्रारीही खऱ्या आहेत. बैठक वेळेवर सुरू होत नाही. रंकाळ्याच्या सूर्यास्ताला अजूनही सहज बक्षीस मिळतं. मोबाइलवर फोटो काढणाऱ्याकडे काही जुनी मंडळी दुर्लक्ष करतात.

तरीही काम म्हणाल तर ते मला क्लबातूनच मिळालं. तालमीत पहिल्यांदा गेलो ते मी गयावया करून, दारातच थांबून. आता जातो तेव्हा वस्ताद स्वतः हौद्याकडं बोलावतात, कारण क्लबातल्या काकांचा तिथं तीस वर्षांचा राबता आहे. जोतिबाच्या चैत्र यात्रेला गेलो तेव्हा माझ्याकडं कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी किट लेन्स होती. झूम केली की तिची नळी पुढं येते आणि आत हवा ओढते, आणि हवेबरोबर गुलाल. क्लबातल्या एकानं स्वतःची ७०-२०० मिमीची झूम लेन्स दिली, जिची लांबी झूम करताना बदलत नाही, आणि बजावलं, “वर काय बी झालं तरी लेन्स बदलू नकोस.” सासनकाठ्या नाचत होत्या, चांगभलंचा गजर चालला होता, आणि दुसऱ्याची महागडी लेन्स माझ्या गळ्यात. अनोळखी प्रोफाइलला अशी लेन्स कोण देतं? त्याच माणसानं त्या दिवाळीनंतर मला लग्नात दुसऱ्या कॅमेऱ्यावर उभं केलं. माझा धंदा तिथून सुरू झाला.

जुनी लेन्स घेतानाही हेच. कोल्हापूरच्या पावसाळ्यात काचेवर बुरशी धरायला वेळ लागत नाही, आणि विक्रीच्या फोटोत ती दिसत नाही. एकदा मी ऑनलाइन घेऊन फसलो. आता लेन्स क्लबात आणायला सांगतो, मागून मोबाइलची टॉर्च मारतो आणि पुढून बघतो. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या की सौदा रद्द.

या गावात कॅमेऱ्याचं काम पहिल्यापासून हाताखाली राहूनच शिकलं गेलंय, असं मला वाटतं. मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी इथंच स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा घडवला. दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी एकत्र काम केलं ते त्यांच्याच फिल्म कंपनीत, आणि तिथून बाहेर पडून १९२९ साली त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली तीही कोल्हापुरातच. खरी कॉर्नरवरून जाताना तिथला कॅमेऱ्याचा स्तंभ बघितला की मला ही गोष्ट आठवते. एका खोलीत रोज बसणारी माणसंच पुढं भागीदार होतात.

तुम्ही विज्ञान शाखेत असाल, पक्षी-कीटक-आकाश यांत रस असेल, तर ऑनलाइन बाजू कदाचित जड ठरेल. लग्न, उत्सव, कुस्ती, चप्पल-दागिन्यांचं प्रॉडक्ट शूट, म्हणजे इथल्याच माणसांत काम करायचं असेल, तर मी क्लबच सुचवेन. वर्गणी लगेच भरू नका. बहुतेक ठिकाणी एक-दोन बैठकांना पाहुणा म्हणून बसू देतात. पहिल्या बैठकीला तीनच प्रिंट न्या, आणि त्यातला एक तुम्हाला स्वतःला खटकणारा असू द्या. १२ बाय १८ परवडत नसेल तर ८ बाय १२ चालतो. मोबाइलचा फोटो असला तरी प्रिंट काढा, फक्त मूळ फाइल प्रिंटवाल्याला पेन ड्राइव्हवर द्या, व्हॉट्सअॅपवर साधी पाठवलीत तर ती आकसून जाते. आणि प्रिंटच्या मागं पेन्सिलीनं एफ, शटर, आयएसओ लिहून ठेवा. काका सगळ्यात आधी प्रिंट उलटा करून तेच वाचतात.