आवाजाचे ऑनलाइन वर्ग : चार तारे, पाचवा का नाही तेही सांगते

मी ट्रान्स स्त्री, जन्मतः मुलगा ठरवलेली. इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनने त्वचा मऊ झाली, चेहरा भरला. आवाज मात्र होता तिथेच. टेस्टोस्टेरॉन या पुरुष-हार्मोनने स्वरतंतू एकदा जाड झाले की ते गोळ्यांनी पुन्हा पातळ होत नाहीत. ट्रान्स पुरुषांचं बरं, त्यांचा आवाज बहुतेकदा हार्मोननेच खाली उतरतो. आमच्या नशिबी रियाज!

म्हणून स्पीच थेरपिस्ट बाईंचे हे वर्ग लावले. आवडलं ते हे, की त्यांनी नुसती पट्टी चढवायला लावली नाही. १८० हर्ट्झच्या आसपास पोचूनही आवाज पुरुषी वाटू शकतो, कारण अनुनाद, म्हणजे आवाजाचं घुमणं, तोच राहतो. मग स्वरयंत्र किंचित वर, जीभ पुढे, आणि आवाजाचं घुमणं छातीतून तोंडाकडे आणायचं. पाण्यात स्ट्रॉ बुडवून गुणगुणताना वेड्यासारखं वाटतं, पण घशावरचा ताण खरंच उतरतो. घसा दुखला की थांबायचं, यावर बाई ठाम.

तक्रार अ‍ॅपबद्दल. नोंदणीत भरलेलं जुनं नाव बदलता येत नाही. दर वर्गाआधी स्क्रीनवर तेच झळकतं. अशा सेवेत हे अक्षम्य आहे. बाई मात्र पहिल्या दिवसापासून माझ्या खऱ्या नावानेच हाक मारतात.

गुण आला का? परवा आईला फोन केला, तर म्हणाली, "कोण, ताई का गं?" मी आहे कळल्यावर हसली आणि ताईच्याच कागाळ्या मला सांगत बसली. खोकताना, जोरात हसताना जुना आवाज अजून निसटतो. त्यासाठी पुढचे वर्गही लावतेय.