बारा बाटल्या, नऊ महिने: ससेक्सच्या घरगुती द्राक्षबागेची स्पार्कलिंग वाइन

इंग्लंडच्या ससेक्समधल्या एका छोट्या, घरच्याच माणसांनी चालवलेल्या, ‘कमी हस्तक्षेपा’ने वाइन करणाऱ्या द्राक्षबागेची ही मिश्र पेटी. सहा बाटल्या पारंपरिक पद्धतीच्या, म्हणजे दुसरं किण्वन बाटलीतच करून मग यीस्टचा गाळ काढलेल्या; शारदोने, पिनो न्वार आणि पिनो म्युनिए या द्राक्षांच्या मिश्रणाच्या. उरलेल्या सहा सेवाल ब्लाँ या द्राक्षाच्या पेट-नॅट; पहिलं किण्वन पुरं व्हायच्या आत बाटलीत भरलेल्या. ऑक्टोबरात पेटी आली, शेवटची बाटली जूनमध्ये उघडली. आधी निकाल: पारंपरिकचे पैसे वसूल, पेट-नॅट नशिबाचा खेळ. आणि दोन्हींत फरक पडला तो बाटली कुठे ठेवली यामुळे.

‘कमी हस्तक्षेप’ म्हणजे काम कमी, असं कुणी समजू नये. इंग्लंडच्या दमट हवेत डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग सोडत नाहीत, त्यामुळे सेंद्रिय बागेतही गंधकासारखं काही फवारावंच लागतं. आपला नाशिकचा बागायतदार हे वाचून हसेल. हात आखडता घेतात तो वायनरीत: जंगली यीस्ट, फिल्टर नाही, शेवटी साखर नाही, वाइन टिकवणारं सल्फाइट (गंधकाचं संयुग) शून्य किंवा नावापुरतं. तरी लेबलवर ‘सल्फाइट आहे’ असं दिसू शकतं, कारण थोडं सल्फाइट यीस्ट स्वतःच तयार करतं आणि लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर गेलं की लिहिणं बंधनकारक आहे. ती फसवणूक नाही. दुसऱ्या किण्वनाला मात्र यीस्ट कुठलं, हे विचारून घ्या. बुडबुडे बाटलीतच तयार व्हायला लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर घालतात, त्यातून सहा बारच्या आसपास दाब येतो. थंडी, आम्ल, अल्कोहोल आणि वाढता दाब यांत जंगली यीस्ट मध्येच दमतं, म्हणून अनेक जण तिथे गुपचूप पाकिटातलं वापरतात. त्यात वावगं काही नाही, फक्त सांगावं.

सल्फर कमी घालणं तिकडे जमतं त्याचं एक कारण आम्ल. नाशिकची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये, ऊन चढत असताना उतरतात. ससेक्सची सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, थंडीकडे जाताना. पीएच तीनच्या आसपास राहतो, आणि त्या आंबटपणात बहुतेक जिवाणूंचं फारसं चालत नाही. पण तोच आंबटपणा साखरेविना जिभेला टोचतो. गाळ काढल्यावर दोन महिन्यांनी उघडलेली पारंपरिक बाटली म्हणजे कच्चं सफरचंद आणि लिंबाची साल, बाकी गप्प. सहा महिन्यांनी त्याच वाइनला पावाच्या कडेचा आणि ओल्या बदामाचा वास आला, बुडबुडेही मऊ झाले. म्हणून मागच्या लेबलवर गाळ काढल्याची तारीख शोधा. ती नसेल तर मळ्याला लॉट नंबर कळवून विचारा. द्राक्षं कोणत्या वर्षीची, यापेक्षा ती उपयोगाची.

आता ठेवणूक. निम्म्या बाटल्या जिन्याखालच्या अंधाऱ्या कपाटात होत्या, १२ ते १५ अंशांवर. निम्म्या स्वयंपाकघरातल्या उघड्या रॅकवर, जिथे हीटर लागला की पारा २२ वर जातो. कपाटातल्या तीनही पारंपरिक बाटल्या निर्दोष. रॅकवरच्या तिन्हींत एप्रिलपर्यंत कापून ठेवलेल्या सफरचंदाचा तपकिरी वास शिरला. संरक्षणाला सल्फर नाही म्हटल्यावर उष्णता लगेच हिशेब मागते. पेट-नॅटची काच पारदर्शक होती, हा मळ्याचाच चुकीचा निर्णय. उजेडाने वाइनमधल्या रिबोफ्लेविन या जीवनसत्त्वाची मेथिओनिन या अमिनो आम्लाशी प्रक्रिया होते आणि उकडलेल्या कोबीचा वास येतो. एका बाटलीत तो आलाच.

पेट-नॅटची दुसरी खोड म्हणजे उसळणं. उरलेली साखर उबेत पुन्हा आंबते, शिवाय गाळाच्या प्रत्येक कणावर बुडबुडा धरतो. रॅकवरची एक बाटली निम्मी सिंकमध्ये गेली. उपाय साधा: २४ तास फ्रिजमध्ये उभी ठेवायची, न हलवता आणायची, पत्र्याचं झाकण एकदम न उडवता किंचित उचलून फुसफुस निघू द्यायची.

तिसरी खोड गंभीर, तिला ‘माउस’ म्हणतात. नाकाला काही कळत नाही. घोट गिळल्यावर दहावीस सेकंदांनी उंदराच्या पिंजऱ्याची चव मागून येते, कारण लाळेने पीएच वाढल्यावरच तो पदार्थ उडू लागतो. शंका असेल तर चमचाभर वाइनमध्ये चिमूटभर खायचा सोडा घालून हुंगा. सहांपैकी एकीत स्पष्ट होता. मळ्याने पैसे परत केले, वाद घातला नाही. प्रत्येकाला ही चव कळत नाही, त्यामुळे घरात एकजण तोंड वाकडं करतो आणि दुसरा म्हणतो छान आहे.

पारंपरिक बाटली बर्फ-पाण्यात अर्धा तास ठेवली की पुरे. तार सहा अर्ध्या फेऱ्यांत सुटते. बूच धरून ठेवायचं आणि बाटली फिरवायची. उंच निमुळत्या ग्लासपेक्षा साध्या पांढऱ्या वाइनच्या ग्लासात वास खुलतो, फक्त त्यात भांड्याच्या साबणाचा अंश नको, बुडबुडे मरतात. उरली तर दाबाचं झाकण लावून दुसऱ्या दिवशी संपवा. बाटलीच्या तोंडात चमचा अडकवणं हा निव्वळ भ्रम.

खाण्यात तळलेल्याशी गट्टी: सुरमईचे तुकडे, कोथिंबीर वडी, तिथलं फिश अँड चिप्स. ठेच्याबरोबर नको, बुडबुड्यांनी जळजळ दुप्पट होते. श्रीखंडापुढे तर ही वाइन निव्वळ लिंबूपाणी वाटते, तेही साखर विसरलेलं.

भारतात नेणार असाल तर करमाफीची मर्यादा दोन लिटर, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. त्या पारंपरिकच न्या, मे महिन्यात नेऊ नका, आणि पोचल्यावर आठवडाभर फ्रिजमध्ये आडव्या विसावू द्या.