नोकरीच्या शोधातील साडेपाच महिने आणि नवी पेठेतील एक अभ्यासिका

पुण्यात अभ्यासिका म्हटले की स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुलीच डोळ्यांसमोर येतात, आणि नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रस्ता या भागांतील बहुतेक अभ्यासिका त्यांच्यामुळेच चालतात. मी तेथे साडेपाच महिने बसले, ती मात्र कोणत्याही परीक्षेसाठी नव्हे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात 11 वर्षे काम केल्यानंतर वयाच्या 39 व्या वर्षी माझी नोकरी गेली, आणि दुसरी मिळेपर्यंत रोज जाऊन बसता येईल अशी जागा मला हवी होती. माझ्यासारख्या स्थितीत असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

पहिला दीड महिना मी घरूनच अर्ज केले. घरी असलेली बाई मोकळी असते, असे घरातल्या सर्वांनी, आणि खरे तर मी स्वतःही, न बोलता धरून चाललो होतो. सिलिंडर घेणे, सासूबाईंना दवाखान्यात नेणे, मुलाला शाळेतून आणणे यांत दुपार सरायची आणि लॅपटॉप उघडेपर्यंत डोके थकलेले असायचे. शेवटी एकच बायोडेटा वीस ठिकाणी पाठवून मी दिवस संपवत असे.

या अभ्यासिकेत महिन्याला 1,400 रुपये शुल्क आणि 500 रुपये अनामत घेतात. सकाळी 6 ते रात्री 11 पर्यंत ती उघडी असते. मुलींसाठी स्वतंत्र दालन असून त्यात 42 जागा आहेत, आणि प्रत्येक जागेला लाकडी आडोसा, दिवा, चार्जिंगची सोय व कुलपाचा छोटा कप्पा आहे. राखीव जागा न घेता रिकामी असेल तेथे बसायचे ठरवले तर शुल्क 300 रुपयांनी कमी होते, परंतु नोकरी शोधणाऱ्याने ही बचत करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपली म्हणून ठरलेली जागा असली की सकाळी 9 वाजता घरातून निघण्याला कारण उरते, आणि त्या दिवसांत मला सर्वांत जास्त गरज त्या कारणाचीच होती.

हे केवळ माझ्या स्वभावाचे नसावे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या गावातील कापड गिरणी बंद पडून जवळजवळ सारे गाव बेकार झाले, तेव्हा मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1931-32 मध्ये तेथे केलेली पाहणी समाजशास्त्रात प्रसिद्ध आहे. हाताशी भरपूर वेळ असूनही गावातल्या ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्याने घटली होती, आणि रस्त्याने जाणारे पुरुष हळू चालत, पुन्हा पुन्हा थांबत. पगाराबरोबर दिवसाची घडीही जाते आणि मग माणसाला मोकळा वेळसुद्धा वापरता येत नाही, हे मी त्या दीड महिन्यात स्वतः अनुभवले होते.

अभ्यासिकेतील मुलींकडून मी मोजण्याची एक पद्धत उचलली. निकाल हाती नसतो, म्हणून त्या बसलेले तास आणि सोडवलेल्या प्रश्नपत्रिका मोजतात. मीही आलेली उत्तरे मोजणे सोडून वहीत तीनच गोष्टी लिहू लागले: जाहिरात नीट वाचून, त्या कामाला अनुसरून बायोडेटा बदलून केलेले दोन अर्ज, जुन्या सहकाऱ्याला किंवा पुरवठादाराला केलेला एक फोन, आणि एक्सेलचा एक तास. ईमेल दुपारी 4 नंतरच उघडायचा, हा नियमही तेव्हाच केला, कारण सकाळी आलेला एक नकार सगळा दिवस खाऊन टाकत असे. एका कंपनीच्या शेवटच्या फेरीत नाकारले गेल्यावर मी दोन दिवस गेलेच नाही, तेव्हा शेजारच्या जागेवरील लातूरकडच्या मुलीचा फोन आला: “ताई, दोन दिवस जागा रिकामी दिसली. बरं आहे ना?” ती स्वतः त्याच महिन्यात मुख्य परीक्षेत दोन गुणांनी हुकली होती. माझे 1,400 रुपये त्या एका फोनने वसूल झाले असे मी मानते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. फोनवर किंवा व्हिडिओवर मुलाखत देण्यासाठी तेथे जागा नाही. पहिली मुलाखत मी जिन्यात उभी राहून दिली आणि रस्त्यावरच्या हॉर्नमुळे समोरच्यांना एक प्रश्न मला तीनदा विचारावा लागला. नंतर व्यवस्थापकांना विनंती केल्यावर त्यांनी वर्तमानपत्रांची खोली 11 ते 1 या वेळेत वापरू दिली, पण ही सोय प्रवेश घेतानाच विचारून घ्यावी. संपूर्ण दालनासाठी एकच स्वच्छतागृह आहे, हे फारच अपुरे आहे. संध्याकाळी 6 नंतर वाय-फाय मंदावते. भिंतींवर लावलेली प्रेरक वाक्ये मला खटकली. अपयश म्हणजे कमी पडलेली मेहनत, असे त्यांतली बरीच वाक्ये सुचवतात, आणि मागणी घटल्यामुळे ज्याची नोकरी गेली त्याला तसे रोज वाचावे लागणे बरे नाही.

चौथ्या महिन्यात झोप उडाली, तेव्हा जागा आणि वेळापत्रक पुरेसे पडले नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मी रात्री फोन केला. ही सेवा विनामूल्य असून चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. समुपदेशकांनी घाई न करता ऐकून घेतले. हा क्रमांक मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

पुढच्या महिन्यात मी रांजणगावच्या एका कारखान्यात रुजू होत आहे. या अभ्यासिकेत जागा हवी असल्यास पूर्वपरीक्षा आटोपल्यानंतरच्या आठवड्यात चौकशी करावी, कारण तेव्हा बऱ्याच जागा मोकळ्या होतात. माझी 37 क्रमांकाची जागा 15 तारखेला रिकामी होईल. ती खिडकीपासून दूर आहे, पण पंखा बरोबर डोक्यावर येतो आणि दरवाजाची वर्दळ तेथे पोहोचत नाही.