निर्यात आणि रोजगार: एकतर्फी सवलत, द्विपक्षीय करार की प्रादेशिक गट?

निर्यात वाढवून देशात रोजगार निर्माण करू पाहणाऱ्या मध्यम किंवा लहान देशापुढे आज प्रत्यक्षात तीन मार्ग आहेत: श्रीमंत देशाने देऊ केलेली एकतर्फी शुल्कसवलत, एखाद्या मोठ्या ग्राहक देशाशी द्विपक्षीय करार, किंवा प्रादेशिक गटात प्रवेश. जागतिक व्यापार संघटनेतील सर्वंकष वाटाघाटींचा चौथा मार्ग २००१ मध्ये सुरू झालेल्या दोहा फेरीबरोबरच अडकून पडला. सीमाशुल्काची कार्यपद्धती सोपी करणारा, २०१७ मध्ये अमलात आलेला व्यापार सुलभीकरण करार हे त्यातले ठळक फलित म्हणता येईल. या मार्गांची तुलना करताना शुल्क किती टक्क्यांनी उतरते याकडेच बहुतेकांचे लक्ष जाते. माझ्या मते सवलतीसाठी मालाचा किती भाग देशातच तयार व्हावा लागतो आणि ती सवलत किती काळ टिकेल, हे दोन प्रश्न आधी विचारायला हवेत.

एकतर्फी सवलतीत आपली बाजारपेठ खुली करावी लागत नाही, म्हणून ती वरवर पाहता सर्वांत स्वस्त. युरोपीय संघाने २००१ पासून अतिअविकसित देशांना शस्त्रास्त्रे वगळता जवळजवळ सर्व मालावर शुल्कमाफी दिली. तयार कपड्यांवर तिथे एरवी साधारण १२ टक्के शुल्क लागते, त्यामुळे ही माफी मोठीच होती. पण २०१० पर्यंत अट अशी होती की कापड विणणे आणि ते शिवणे हे दोन्ही टप्पे लाभार्थी देशातच व्हावेत. बाहेरून आणलेल्या कापडाचा शर्ट बांगलादेशात शिवला, तर तो सर्वसाधारणपणे सवलतीबाहेर राहत असे. २०११ पासून एकच टप्पा पुरेसा ठरला आणि शिलाईच्या कारखान्यांचा मार्ग मोकळा झाला. अर्थात त्याबरोबर देशी गिरण्यांचे कापड घेण्याची सक्तीही सैल झाली, म्हणजे शिवणाऱ्यांचा फायदा विणणाऱ्यांच्या वाट्याला तितकाच आला असे नाही.

या मार्गाची खरी उणीव मात्र वेगळी आहे. देणाऱ्याच्या मर्जीने मिळालेले त्याच्याच मर्जीने जाते. मादागास्करमध्ये २००९ साली सत्तापालट झाल्यावर अमेरिकेने २०१० पासून त्या देशाची सवलत काढून घेतली आणि तयार कपड्यांच्या उद्योगातील अनेकांचे रोजगार गेले; ती पुन्हा मिळेपर्यंत २०१४ उजाडले. कंबोडियाची युरोपीय सवलत २०२० मध्ये अंशतः मागे घेण्यात आली. यंत्रांत भांडवल गुंतवणारा उद्योजक पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा हिशेब मांडतो, आणि त्या हिशेबात अशी सवलत भरवशाची धरता येत नाही.

द्विपक्षीय करारात हा भरवसा अधिक असतो. अमेरिकेबरोबरचा व्हिएतनामचा करार डिसेंबर २००१ मध्ये अमलात आला, तेव्हा व्हिएतनामी मालावरचे अमेरिकी शुल्क सरासरी सुमारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांच्याही खाली आले. त्यानंतर तिथले अनेक कामगार घरगुती व्यवसायांतून नोंदणीकृत कंपन्यांत गेले. रोजगाराची संख्या वाढणे आणि त्याचा दर्जा सुधारणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या उदाहरणात दुसरी अधिक बोलकी आहे. मात्र वाटाघाटीच्या टेबलावर मोठ्या देशाचे पारडे जड असते. शिवाय असे करार वाढत गेले की प्रत्येकाचे मूळ देशाबाबतचे, म्हणजे माल कोणत्या देशाचा मानायचा हे ठरवणारे, नियम निराळे होतात. एकाच मालासाठी एका ग्राहक देशाला एक पुरावा आणि दुसऱ्याला दुसरा देताना, सूत कुठले आणि बटणे कुठली हे कागदोपत्री सिद्ध करताना, लहान निर्यातदार मेटाकुटीला येतो आणि पुष्कळदा पूर्ण शुल्क भरून मोकळा होतो.

हे ओझे प्रादेशिक गट हलके करू शकतो. २०२२ मध्ये अमलात आलेल्या आशिया-पॅसिफिकमधील पंधरा देशांच्या आरसेप या व्यापार करारात सगळ्यांसाठी नियमांचा एकच संच आहे, आणि एका सदस्य देशाचा कच्चा माल दुसऱ्यात वापरला तरी तो गटातलाच धरला जातो. आपले सुटे भाग शेजारी देशांतून येत असतील तर यापेक्षा सोयीचे काही नाही. किंमत मात्र देशांतर्गत मोजावी लागते. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातील १९९४ च्या नाफ्टा या मुक्त व्यापार करारानंतर मेक्सिकोत वाहनउद्योग फोफावला, तर मक्यावरील संरक्षण टप्प्याटप्प्याने उतरत २००८ मध्ये संपले आणि लहान मका उत्पादकांना स्वस्त आयातीशी सामना करावा लागला. वाहनांच्या कारखान्यातली नोकरी त्या शेतकऱ्याच्या गावात नव्हती.

म्हणून निर्यातीयोग्य उद्योग एक-दोनच असतील आणि ग्राहकही मुख्यतः एकच असेल, तर मी द्विपक्षीय करार निवडेन, आणि शुल्कात आणखी एक टक्का कपात मागण्याऐवजी मूळ देशाच्या सोप्या अटींसाठी अडून बसेन. उत्पादनसाखळी शेजारी देशांत पसरलेली असेल तर प्रादेशिक गट उजवा; पण ज्या पिकांना किंवा उद्योगांना झळ बसणार, त्यांच्यासाठी शुल्ककपातीचा लांब कालावधी आणि पर्यायी कामाच्या प्रशिक्षणाचा निधी सही करण्यापूर्वीच निश्चित व्हायला हवा. एकतर्फी सवलत मिळत असेल तर ती नाकारू नये, पण तिच्या जोरावर ज्याचा खर्च दोन-तीन वर्षांत वसूल होणार नाही असा कारखाना उभारू नये.