जुन्या रेणापूर नाक्याजवळचं बिनपाटीचं लेथ दुकान : पाचपैकी साडेचार तारे

अर्धा तारा का कापला ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कुणाला मी दुकानवाल्या चाचांचा पाहुणा वाटायला नको. फोन उचलत नाहीत. बसायला एकच तेलकट बाकडं, अन् त्यावर बहुतेक वेळा कुणाचा तरी गिअरबॉक्स बसलेला असतो. शुक्रवारी दुपारी नमाजला दुकान बंद असतं. मी पहिल्यांदा लातूरला गेलो तो नेमका शुक्रवार.

काम होतं एका बोल्टचं. ट्रॅक्टर २०१४ चा. डायनामोचा ब्रॅकेट इंजिनच्या ब्लॉकला ज्या बोल्टनं धरलेला असतो, तो ढिला व्हायचा. ऐन सोयाबीनच्या राशीत. गावातली निम्मी शेतं माझ्या मळणीयंत्राची वाट बघायलेली, अन् मी दर दीड दिवसाला १७ चा पाना घेऊन बॉनेटमध्ये डोकं घातलेलं. पट्टा किंचाळायला लागला की समजायचं, सुटला परत. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो, म्हणून नुसती बॅटरी उतरण्यावर भागत नाही, टेंपरेचरचा काटाही लाल पट्टीकडं निघतो.

चाचांकडं जायच्या आधी दोन ठिकाणी दाखवलं होतं. नावं सांगत नाही, दोघांचंही तोंड रोज बघायचंय. पहिल्यानं आवळून दिला. चौथ्या दिवशी बोल्ट रस्त्यात कुठंतरी गळून पडला. दुसऱ्यानं नवा घातला, जुन्यापेक्षा लांब. "मोठा घातलाव, आटे जास्ती धरतेत," म्हणाला. वर एकावर एक दोन स्प्रिंग वायसर, अन् पान्याला पाइप लावून असा आवळला की मलाच घाम फुटला. मला पटलं. तुम्हालाही पटलं असतं. दोन दिवसांनी पट्टा परत किंचाळला.

शनिवारी परत गेलो. "चाचा, बोल्ट ढिला व्हायलालाय, जरा दमानं आवळून द्या."

चाचांनी चष्म्यावरून बघितलं. "आवळायला तुमच्याकडं पाना न्हाई का, मालक?"

मग त्यांनी बोल्टला हातही न लावता विचारलं, घरी नखपॉलिश आहे का. मला वाटलं चेष्टा करायलेत. पण म्हणणं असं होतं : बोल्ट नेहमीसारखा आवळा, वरची वायसर, बोल्टचं डोकं अन् ब्रॅकेट या तिन्हीवरून नखपॉलिशची एक सरळ रेघ ओढा, वाळू द्या, चार तास रास करा अन् मग या. रेघ तुटली तर बोल्ट फिरायलाय. रेघ जागेवर असून ढिला लागला तर बोल्ट फिरलेला नाही, ताणलाय तरी नाहीतर खालचं काहीतरी दबलंय. दोन्हीचं औषध वेगळं. पैसे घेतले नाहीत. मी मात्र मनात चिडलेलो. रेणापूरकडून लातूरला येऊन हातात काय, तर नखपॉलिशची चिठ्ठी.

पोरीची गुलाबी बाटली घेतली. चार तासांनी बघितलं तर डोक्यावरची रेघ ब्रॅकेटवरच्या रेघेपासून सरकलेली, घड्याळात बारावरून अकरावर यावं तेवढी. म्हणजे फिरत होता.

रविवारी ट्रॅक्टरच घेऊन गेलो, अन् इथून पुढचं काम बघण्यासारखं होतं. चाचांनी बोल्ट काढला, डोक्यावर बोट फिरवलं. कोरं. कुठलाच आकडा नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणं डोक्यावर ८.८ असा छाप पाहिजे : पहिला आठ म्हणजे तुटायची ताकद ८०० मेगापास्कल, पुढचा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ताणला तरी सोडल्यावर मूळ लांबीला परत येतो. बोल्ट पकडतो तो याच ताणावर, रबर ओढून धरल्यासारखा. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी समजायचो बोल्ट म्हणजे खिळा.

मग सायकलचा एक आरा घेतला अन् ब्लॉकच्या भोकात घातला. ते भोक आरपार नाही, आत बुडाला बंद आहे. तळाशी आरा मऊ लागला. तारेनं खरवडलं तर काळं तेल, माती अन् जुन्या वायसरचा नखाएवढा तुकडा निघाला. साफ केल्यावर आऱ्यावर अंगठ्याच्या नखानं खूण धरली अन् वर्नियरनं मोजली : २० एमएम. ब्रॅकेटची जाडी ८. साधी वायसर २. स्प्रिंग वायसर दोन, प्रत्येकी दोनाच्या जरा वर. खडूनं पत्र्यावर बेरीज मांडली, साडेचौतीसच्या आत आली. बोल्ट होता ३५ चा.

म्हणजे माझा बोल्ट ब्रॅकेटला धरतच नव्हता. अर्धा एमएम आधीच तो भोकाच्या तळाला टेकत होता, अन् आत कचरा असताना तर त्याहून आधी. पाना जड लागायचा तो तळ लागल्यामुळं. पाइप लावून दिलेला सगळा जोर तळावर. वरून बघितलं तर दोन स्प्रिंग वायसरनं फट झाकलेली. ब्रॅकेट आत मोकळा सरकायलेला.

पुतण्या पुरणमल लाहोटी तंत्रनिकेतनात मेकॅनिकलला आहे. रात्री त्याला सांगितलं तर म्हणाला, काका, हे तर १९६९ सालीच जंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं यंत्रावर दाखवलंय. उभ्या हिसक्यापेक्षा आडव्या घसरणीनं बोल्ट लवकर सुटतो. दाब पुरेसा असला तर खालचं घसरत नाही, अन् घसरलं नाही तर बोल्ट फिरत नाही. नुसत्या स्प्रिंग वायसरवर भरवसा नको, हेही म्हणाला. चाचांनी माझ्या दोन्ही स्प्रिंग वायसर डब्यात टाकल्या होत्या त्या का, ते तेव्हा कळलं.

पण लांब बोल्ट नंतरचा. पहिला, बरोबर मापाचा का सुटला होता? चाचांनी ब्रॅकेट उलटा केला अन् म्हणाले, "रंग कुणी मारला?" मीच. दसऱ्याला ट्रॅक्टर नवा दिसावा म्हणून ब्रॅकेट सोडवून दोन्ही बाजूंनी जाड हात मारला होता. जिथं लोखंड लोखंडाला भिडतं तिथंच रंगाचा थर. इंजिन तापलं, हादरलं, रंग दबला, बोल्टचा ताण गेला. ब्लेडनं खरवडताना माझाच लाल रंग भुग्यासारखा पडत होता. चाचा काही बोलले नाहीत, दुकानातल्या पोरानं मात्र मागं तोंड करून हसून घेतलं.

शेवटी काम काय झालं? आट्यांत हलकासा टॅप फिरवून घेतला, पेट्रोलनं धुतलं, हवा मारली. ८.८ छापाचा ३० एमएमचा बोल्ट, एक जाड साधी वायसर, आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचे, म्हणजे आटे जखडून धरणाऱ्या चिकट औषधाचे, दोन थेंब. बाटली मी बाजारातून आणली होती, ती अर्धीच भरलेली. मी दुकानदाराला शिव्या द्यायच्या तयारीत. चाचा म्हणाले, त्याला हवाच लागते. हवा असते तोवर पातळ राहतं, आट्यांत लोखंडाच्या कुशीत हवा तुटली की कडक होतं. म्हणून बाटली पूर्ण भरत नाहीत. लाल आणू नका म्हणाले, ते काढायला गॅसनं तापवावं लागतं. पण हेही सांगितलं की दाबच नसता तर निळं काय अन् लाल काय, महिनाभर ढकललं असतं.

आवळला टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरवलेला जोर आला की टक् वाजणाऱ्या पान्यानं. या मापाच्या ८.८ बोल्टला साधारण ४५ ते ५० न्यूटन मीटर लागतात, पण ट्रॅक्टरच्या पुस्तकात जो आकडा असेल तोच धरायचा, म्हणून त्यांनी मला घरून पुस्तकाच्या पानाचा फोटो मागवायला लावला. पाना टक् वाजला, चाचा थांबले. पाइप नाही, लटकणं नाही. मला तर कमीच आवळलाय असं वाटलं. परत रेघ ओढली अन् दुसऱ्या दिवसापर्यंत ट्रॅक्टर तिथंच ठेवायला लावला, थ्रेडलॉकरला पुरती ताकद यायला २४ तास लागतात म्हणून. त्या दिवशीचं भाडं बुडालं, त्याचा राग अजून थोडा आहे.

बिल झालं ३५०. कागद नाही, फोनवर पैसे घेतात. मीटरवर त्यानंतर १६० तास झालेत अन् गुलाबी रेघ जागेवर आहे. डिझेल टाकताना रोज डोकावतो, दोन सेकंदांचं काम.

घाई असेल तर इथं जाऊ नका. रब्बीच्या पेरणीत तर अजिबात नाही, रांग लागते. अन् जाताना जुना बोल्ट सोबत न्या, तुटका असला तरी. मोबाइलवर फोटो दाखवला तर चाचा चष्मासुद्धा वर करत नाहीत.