दहावीला ४५ टक्के: अकरावी आर्ट्स की आयटीआय?

‘डोकं चालत नाही ना, मग टाका आयटीआयला,’ असं म्हणणाऱ्याने आयटीआयचं वर्कशॉप पाहिलेलं नसतं. फिटरच्या ट्रेडचे (म्हणजे व्यवसायाच्या कोर्सचे) पहिले कित्येक आठवडे लोखंडाचा तुकडा, म्हणजे ‘जॉब’, कानशीने घासण्यात जातात, हे खरं. पण तो जॉब ड्रॉइंगबरहुकूम उतरावा लागतो, व्हर्नियर या मोजमापाच्या साधनावर ०.०२ मिलिमीटरपर्यंतचं माप वाचावं लागतं आणि जोडीला वर्कशॉप कॅल्क्युलेशन, म्हणजे कामाची आकडेमोड, शिकावी लागते. पाठांतराला कंटाळलेला मुलगा इथे रमतो. आकडेमोडच नको असलेला इथेही अडकतो.

आर्ट्सची मोठी जमेची बाजू म्हणजे बारावीचं प्रमाणपत्र. पोलीस शिपाई भरतीला ते लागतं आणि पुढे पदवी केली तर एमपीएससीला बसता येतं. दहावीचे दोन विषय राहिले असले तरी एटीकेटीवर, म्हणजे ते नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावी सुरू होते. पण तीन तास पेपर लिहिणं ज्याला शिक्षा वाटते, त्याची आणखी दोन वर्षं त्यातच जाणार, आणि नुसत्या बारावीवर कारखान्यात हेल्परपलीकडचं काम सहसा मिळत नाही.

आयटीआयवाल्याच्या हाती ट्रेड असतो. महावितरणच्या विद्युत सहायक पदाला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन यांसारखं वीजक्षेत्रातलं प्रमाणपत्र लागतं. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटसाठी दहावीवर ठरावीक ट्रेडचा आयटीआय चालतो, बारावी आर्ट्स चालत नाही. शिवाय अप्रेंटिसशिपमध्ये शिकता शिकता विद्यावेतन मिळतं.

घोळ होतो तो ट्रेड निवडताना. वेल्डरचा ट्रेड एका वर्षात संपतो, कमाई लवकर सुरू होते, म्हणून घरचे तिकडे ढकलतात. इलेक्ट्रिशियन, फिटर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे. पण दोन वर्षांच्या ट्रेडनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. शिवाय बोर्डाचे दोन भाषांचे पेपर दिले, की बारावीची समकक्षता मिळते. ते द्यायला मुलं आळस करतात. तुम्ही मागे लागा. घरची फारच ओढाताण नसेल तर मी दोन वर्षांचाच ट्रेड सुचवेन. (मुलगी असेल तरीही. तिच्यासाठी सगळ्यांना शिवणकामच का सुचतं, कळत नाही.)

प्रवेशाचे विकल्प भरण्याआधी एकदा आयटीआयमध्ये चक्कर मारा. चालू लेथ (धातू कातायची यंत्रं) किती, निदेशक म्हणजे शिकवणारे जागेवर आहेत का, ते बघा. लेथवर धूळ असेल तर त्या संस्थेचा नाद सोडा. त्यापेक्षा आर्ट्स बरं.